पंचायत हॉलातला आठ रविवारांचा बोलायचा कोर्स, जाऊन आलो त्याबद्दल

मार्च ते मे आमच्या गावच्या पंचायत हॉलात एक कोर्स झाला, बॅनरवर नेतृत्व आणि संवाद कौशल्य असं लिहिलं होतं, गावातल्या लोकांसाठी. फी 300 रुपये, आठ रविवार, सकाळी साडेनऊ ते दीड, मध्ये चहा आणि भाजी-पाव. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. संस्थेचं नाव इथे घालत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि चालवणारी माणसं मनापासून काम करतात, त्यांना त्या तक्रारी मी तोंडावर सांगितल्यात. पण लिहायलाच पाहिजे असं वाटलं कारण महिनाभरात सात-आठ जणांनी विचारलं की अरे जाऊन मिळालं काय, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगणं होत नाही.

आधी मी का गेलो ते सांगतो, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. मी 36 वर्षांचा, फॅक्टरीत शिफ्टला जातो, घरची थोडी काजूची बाग आहे. आणि गेली चौदा वर्षं काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या, नाटकात काम करतोय. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, देवळासमोर मंडप, चार-पाचशे माणसं, रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. मी कर्ण केलाय, संभाजी केलाय, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पण ऐकू जाईल असा आवाज काढतो. पण त्याच गावात, त्याच माणसांसमोर, ग्रामसभेत मी एकदाही उठून दोन वाक्यं बोललो नव्हतो. हात वर करायचा विचार आला की छातीत धडधड सुरू. नाटकात वाक्यं लिहून दिलेली असतात, विंगेत प्रॉम्प्टर असतो, समोरचा काय बोलणार ते आधीच पाठ असतं. ग्रामसभेत यातलं काहीच नाही, आणि उलट बोलायला उठणारा माणूस आपला चुलता असतो किंवा आपल्या मुलाचा मास्तर.

दुसरं कारण जरा जुनं आहे. आमच्याकडे खाणीवरचा ट्रक होता. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा अख्ख्या तालुक्यातले ट्रक दारात उभे राहिले, मग सुरू झाल्या, मग 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर परत बंद. त्या काळात मी बाबांसोबत कितीतरी मीटिंगांना गेलो. हजार माणसं, सगळी पोटतिडकीने बोलणारी, सगळ्यांचं दुःख खरं, आणि मीटिंग संपल्यावर बाहेर चहा पिताना कोणालाच सांगता यायचं नाही की आपण नक्की काय मागितलं आणि कोणाकडे. बाबा घरी येऊन गप्प बसायचे. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

तर बॅनर बघितला आणि वहिनीला म्हटलं की जाऊया. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, स्वयंसाहाय्य गटात आहे, सोलं, पापड, लोणची करतात, गटाचा हिशेब तीच ठेवते. ती म्हणाली, "भावजी, मी येते पण मला बोलायला लावू नका हं." मी म्हटलं बरं.

पहिल्याच रविवारी बोलायला लावलं. शिकवणारे दोघं, एक निवृत्त हायस्कूल मास्तर, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, आणि एक तिशीतली ताई. मला वाटलं होतं की आता हात कसे ठेवा, नजर कुठे ठेवा, आरशासमोर उभे राहा असलं काहीतरी सुरू होईल. तसलं काहीच नाही. सरांनी 26 जणांना गोलात बसवलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, तुमच्या वाड्यावरचं कुठलं एक काम व्हायला पाहिजे असं तुम्हाला वाटतं. कोणी म्हणालं स्ट्रीटलाईट, कोणी म्हणालं माकडं नारळ ठेवत नाहीत, एकजण म्हणाला गावचा विकास. सर म्हणाले विकास नको, काम सांगा. तो परत म्हणाला सर्वांगीण विकास. शेवटी ताईने विचारलं की दादा, तुमच्या दारातून बाहेर पडलात की पहिल्यांदा त्रास कशाचा होतो, तेव्हा तो म्हणाला गटाराचा, पाऊस आला की अंगणात येतं. लिहा, गटार.

वहिनीची पाळी आली तेव्हा ती खाली बघून इतकंच म्हणाली, "सांकव."

आमच्या वाड्याला जायला मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो, त्यावर जुना सांकव, म्हणजे लहान पूल, आहे, दोन्ही बाजूंचे कठडे गेलेत, एका टोकाची फळी हलते. पावसात व्हाळाला पाणी चढलं की शाळेची मुलं मोठ्या माणसाचा हात धरून पलीकडे जातात. इतकी वर्षं आम्ही सगळे हे बघतोय आणि इतकी वर्षं सगळे म्हणतात कोणीतरी बोलायला पाहिजे.

कोर्सची खरी युक्ती ही, आणि तीच मला सगळ्यात आवडली. त्यांनी प्रत्येकाला एक खरं काम धरायला लावलं आणि पुढचे सगळे रविवार बोलायचा सराव त्या कामावरच. वेगळा भाषणाचा विषय नाही, माझा आवडता ऋतू नाही, मोबाईल शाप की वरदान नाही. ताईने दुसऱ्या रविवारी अमेरिकेतल्या फोर-एच क्लबांबद्दल सांगितलं, ते मला आधी माहीत नव्हतं. 1902 साली ओहायो राज्यात शाळांच्या एका अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचा क्लब काढला, त्यातूनच पुढे ही चळवळ वाढली. डोकं, मन, हात आणि आरोग्य, इंग्रजीत चारही शब्द एच वरून, म्हणून फोर-एच, आणि खूण चार पानांची. त्यांची पद्धत अशी की मूल आधी काहीतरी स्वतः करतं, वासरू वाढवतं, मका लावतं, वही ठेवतं, आणि मग चार लोकांसमोर उभं राहून मी काय केलं, काय चुकलं ते दाखवून सांगतं. त्यामुळे बोलायला मुद्दाम धाडस आणावं लागत नाही, जे हाताने केलंय तेच सांगायचं असतं. मला हे एकदम पटलं कारण आमच्याकडे काजूची भट्टी लावणारा माणूस बघा, चारचौघात तोंड उघडत नाही पण बोंडू कधी मळायचे, नीरो म्हणजे बोंडूंचा रस कधी काढायचा, हुर्राक म्हणजे काजूची दारू कुठल्या धारेला थांबवायची हे विचारलं की अर्धा तास थांबत नाही.

आता ऐकायचा भाग, यावर जरा जास्त लिहितो. तिसऱ्या रविवारी जोड्या लावल्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये अजिबात तोंड घालायचं नाही, आणि दोन मिनिटं झाली की आपलं मत सांगायच्या आधी समोरचा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. समोरचा "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला नेमके आमचे शेजारचे काका आले. त्यांच्या आणि आमच्या बागेच्या मेरेवरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, माझ्या जन्माआधीपासून वाद आहे, बोलाचाली जेमतेम. मी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली, बसा म्हणून.

काकांनी दोन मिनिटं मेरेबद्दलच सांगितलं. मी परत सांगायला लागलो तर ते म्हणाले हे नाही म्हणालो मी. परत सांगितलं, परत म्हणाले नाही. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की मी त्यांचं ऐकतच नव्हतो, ते बोलत असताना मी डोक्यात उत्तर तयार करत होतो. ते म्हणत होते की मेरेवरचा फणस त्यांच्या आईने लावलेला आणि आमच्या आजोबांनी तो विचारल्याशिवाय तोडला. जमीन दोन हात इकडे की तिकडे यावर त्यांचं भांडण नव्हतंच. घरी कोणी मला हे कधी सांगितलं नव्हतं, बहुतेक कोणाला माहीतच नव्हतं. शेवटी बरोबर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "हांव हेंच सांगतां तीस वर्सां." वाद मिटला असं काही नाही, मेर आहे तिथेच आहे. पण आता सकाळी भेटले की थांबतात, आणि पुढे सांकवाच्या कामाला पहिली सही त्यांनीच केली. माझे 300 रुपये त्या दिवशीच वसूल झाले.

मागणी मांडायचा साचा पण कामाचा होता. मी कोण आणि कुठला, अडचण काय, किती लोकांना, मला काय पाहिजे, कोणाकडून आणि कधीपर्यंत. एका मिनिटात. एकजण घड्याळ लावून बसायचा, दुसरा "म्हणजे" आणि "अं" मोजायचा. ही मोजायची पद्धत टोस्टमास्टर्स क्लबांची आहे असं ताईने सांगितलं, ते 1924 पासून चालू आहेत, अमेरिकेतच सुरू झाले. माझा एक मित्र पणजीला अशा क्लबात जातो, त्याला नोकरीत खूप फायदा झाला, इंग्रजी सुधारलं, पण आमच्याकडच्या माणसाला पणजीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये जातो, आणि तिथलं सगळं इंग्रजीत. इथे घरापासून दहा मिनिटांवर, आपल्या भाषेत.

भाषेबद्दल सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे घरात कोकणी, शाळा मराठी, कीर्तन-नाटक-पेपर मराठी, आणि ऑफिसात गेलं की इंग्रजी. त्यामुळे माणूस बोलायला उठला की आधी डोक्यात हेच सुरू होतं की कशात बोलू. सरांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की पोटात ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोला, मध्येच बदलली तरी चालेल. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे, तेव्हा अर्ज मराठीत लिहायला लाजू नका. अर्ज इंग्रजीतच पाहिजे असं समजून कितीतरी माणसं लिहायचीच थांबतात, मी स्वतः त्यातलाच.

आणि कायदा पण शिकवला, थोडाच पण नेमका. ग्रामसभा म्हणजे सरपंचाची सभा नव्हे, गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद, हे घटनेतच लिहिलंय, 73 वी दुरुस्ती, 24 एप्रिल 1993 पासून लागू. त्यानंतर 1994 ला गोव्याचा पंचायत राज कायदा आला. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत, म्हणजे 191 ठिकाणी लोक समोर बसून विचारू शकतात. माहिती अधिकाराचं पण सांगितलं, देशाचा कायदा 2005 चा पण गोव्याने स्वतःचा 1997 लाच केला होता, हे ऐकून मला बरं वाटलं. अर्जाची फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. सरांचा एक सल्ला मात्र कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही, विषय आधी लेखी द्या आणि इनवर्ड नंबर, म्हणजे अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय पंचायतीतून बाहेर पडू नका. तोंडी सांगितलेलं कोणी लिहून घेत नाही.

बायकांच्या बाबतीत ताई फार ठाम होती आणि तिचं बरोबर होतं. पहिल्या दिवशी चहाची वेळ झाली तशा चार बायका आपोआप उठून किटलीकडे गेल्या, कोणी सांगितलंही नव्हतं. ताईने त्यांना बसवलं आणि म्हणाली, आजपासून चहा पुरुष देतील आणि मीटिंगचं इतिवृत्त पण फक्त बायका लिहिणार नाहीत, पाळीपाळीने. हॉलात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग काका उठले आणि किटली घेतली. पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण निवडून आलेल्या बाईच्या शेजारी नवरा खुर्ची लावून बसतो आणि प्रश्नाचं उत्तर तोच देतो हे पण आपण सगळ्यांनी बघितलंय. ताई म्हणाली की जी बाई गावच्या मीटिंगमध्ये कायम किटली धरून असते तिला एकदम पंच म्हणून खुर्चीवर बसवलं तर ती बोलणार कशी, सवय कधी लागली तिला. हे वाक्य वहिनीने वहीत लिहून घेतलं, मी बघितलं.

मग सांकवाचं काम. वहिनीने गटातल्या दोघींना घेतलं आणि घरोघर गेली. आधी मोजलं, व्हाळापलीकडे 37 घरं, शाळेत जाणारी 19 मुलं, दोन डायलिसिसचे पेशंट ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा हॉस्पिटलला न्यावं लागतं. एका सोमवारी सकाळी साडेसहा ते नऊ सांकवाच्या टोकाला बसून किती माणसं गेली ते वहीत काठ्या मारून लिहिलं. माझं काम फोटो काढायचं आणि फळीची मापं घ्यायचं. सगळं मिळून एक पान. सरांनी ते पान तीनदा परत दिलं. पहिल्यांदा म्हणाले पहिला परिच्छेद काढून टाका, त्यात "आम्ही गोरगरीब ग्रामस्थ" असं सगळं होतं. दुसऱ्यांदा म्हणाले मागणी पानाच्या तळाला का, वर आणा. तिसऱ्यांदा नुसतं तारीख नाही म्हणून.

एप्रिलची ग्रामसभा रविवारी होती, त्या दिवशी वर्ग नव्हता, सगळ्यांनी तिकडेच जायचं असं ठरलेलं. हॉल भरलेला, पंखे फिरत होते पण वारा नव्हता. मागचं इतिवृत्त वाचून झालं, खर्चाचं झालं, मग एका रस्त्यावरून अर्धा तास गरमागरमी. वहिनी माझ्या पुढच्या रांगेत, मांडीवर प्लास्टिकची फाइल, बोटाने फाइलचं बटण उघडत होती आणि लावत होती, टक टक. आमचा विषय वाचला तेव्हा मला वाटलं आता मला खूण करेल, भावजी तुम्ही बोला म्हणून. ती उठली. माइक हातात घेतला आणि नाव सांगितलं, वाडा सांगितला. पहिलं वाक्य हलत होतं आवाजात, मग मागून कोणीतरी ओरडलं की जुना विषय आहे, दहा वर्षं ऐकतोय. पूर्वीची वहिनी असती तर खाली बसली असती. ती थांबली, त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही म्हणताय की हा विषय दहा वर्षं जुना आहे, बरोबर आहे, म्हणूनच या वेळी मोजून आणलंय. आणि मग आकडे. 37 घरं, 19 मुलं, सोमवारची सकाळ. पावसाच्या आधी कठडे आणि फळी, आणि नव्या सांकवाचं इस्टिमेट पुढच्या ग्रामसभेपर्यंत. कागद दिला, इनवर्ड नंबर वाचून दाखवला, बसली. एक मिनिट वीस सेकंद, मी घड्याळ बघत होतो.

हॉलात शांत झालं. मग काका मागून उठले, हात वर केला आणि फक्त म्हणाले की या ठरावाला माझं अनुमोदन. ठराव लिहून घेतला. मी हे लिहिताना परत डोळ्यासमोर आलं म्हणून जरा थांबलो होतो.

कठडे जूनच्या पहिल्या आठवड्यात बसले, लोखंडी, साधेच. हलणारी फळी बदलली. नव्या सांकवाचं इस्टिमेट अजून आलेलं नाही, वहिनी दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारते आणि वहीत तारीख लिहून ठेवते.

मी स्वतः ग्रामसभेत बोललो का, तर अजून नाही, पण मेच्या शेवटी वाड्यावरची एक छोटी मीटिंग मी चालवली, ग्रामसभा नव्हे पण पंचवीस-तीस माणसं होती, आणि जुलैला ग्रामसभेत स्ट्रीटलाईटवर बोलायला नाव दिलंय. नाटकाचा उपयोग झाला, आवाज आणि श्वास तयारच होता, फक्त लिहून दिलेल्या वाक्याची वाट बघायची सवय मोडावी लागली.

आता तक्रारी.

एक, वेळ. मार्च-एप्रिल म्हणजे काजूचा सीझन, घरातलं प्रत्येक माणूस पहाटेपासून बागेत. त्यात शिगम्याचा एक रविवार गेला. 26 जणांनी सुरुवात केली आणि शेवटी 17 राहिलो, जे गेले त्यातले बहुतेक बागायतीवालेच. माझे दोन रविवार शिफ्टमुळे गेले आणि बुडालेला वर्ग परत मिळायची काही सोय नव्हती. ज्यांना गावासाठी कोर्स करायचाय त्यांनी आधी गावाचं कॅलेंडर बघायला पाहिजे, चवथ कधी, जत्रा कधी, काजू कधी, लावणी कधी. नोव्हेंबर ते जानेवारी हा आमच्याकडे बरा काळ, जत्रा असतात पण त्या संध्याकाळ-रात्रीच्या.

दोन, पाचव्या रविवारी बाहेरून एक पाहुणे वक्ते आणले. तीन तास पीपीटी, सगळी इंग्रजीत, सिंह आणि गरुडाची चित्रं, नेता कसा असावा याचे गुण. माणूस चांगला असेल, पण तो दिवस फुकट गेला असं मी स्पष्ट लिहितो. चार रविवार गोलात बसून बोलल्यावर एकदम खुर्च्या रांगेत लावल्या आणि आम्ही परत शाळेतल्यासारखे गप्प झालो. वहिनीने त्या दिवशी वही उघडलीच नाही.

तीन, माइक उशिरा दिला. माइकवर पहिला सराव पाचव्या रविवारी चहानंतरचा अर्धा तास, आणि लगेच पुढच्या आठवड्यात ग्रामसभा. ज्यांनी आयुष्यात माइक धरला नाही त्यांना आपलाच आवाज बाहेरून ऐकला की घाबरायला होतं, मला नाटकामुळे माहीत आहे. माइक पहिल्या दिवसापासून हातात पाहिजे.

चार, आणि ही सगळ्यात मोठी. ज्यांना खरी गरज ते हॉलात नव्हते. डोंगराच्या बाजूला धनगर वाडा आहे, तिथून एकही माणूस आला नाही, कारण रविवारी तिकडून बस नाही आणि बॅनर लावला तो पंचायतीजवळ आणि देवळाजवळ. लहान मूल असलेल्या तीन बायकांनी दुसऱ्या रविवारनंतर सोडलं कारण मूल सांभाळायला कोणी नाही. बाजूच्या खोलीत एक सतरंजी, चार खेळणी आणि एखादी आजी बसवली असती तर झालं असतं, आमच्या वाड्यावर बसायला तयार असलेल्या आज्या भरपूर आहेत. मी हे शेवटच्या दिवशी बोललो, ताईने लिहून घेतलं, आणि माझं म्हणणं मला परत सांगून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. जे शिकवलं ते स्वतःही करतात, हे बघून बरं वाटलं.

पाच, आठ रविवार झाले की संपलं. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यावर आता गुड मॉर्निंगच येतात. महिन्यातून एकदा तास-दोन तास बसायला पाहिजे, नाहीतर आलेली सवय जाते. आम्ही सहाजण मिळून महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात बसायला सुरुवात केलीय, दोनदा झालं, बघू.

सर्टिफिकेटसाठी जाणार असाल तर साधा छापील कागद आहे, नोकरीला किती उपयोग होईल मला वाटत नाही. बारावीच्या मुलांना इंटरव्ह्यूची तयारी पाहिजे असेल तर हा तो कोर्स नाही. पण स्वयंसाहाय्य गटातल्या बायका, पंच म्हणून उभं राहायचा विचार असलेले, देवस्थान कमिटीत, भजनी मंडळात, स्पोर्ट्स क्लबात असलेले, ज्यांना मीटिंग घ्यावी लागते आणि ती दरवेळी भांडणात संपते, त्यांनी नक्की जावं. जोडीने जावं, घरातलं किंवा वाड्यावरचं कोणीतरी सोबत असलं की घरी येऊन सराव होतो, आम्ही स्वयंपाकघरात केला, भाऊ घड्याळ लावायचा.

पाचपैकी चार स्टार. पाहुण्यांचा रविवार नसता आणि काजूचा सीझन चुकवला असता तर पाच दिले असते.

पुढची बॅच दिवाळीनंतर म्हणतायत, जागा 25-26 च घेतात, पंचायतीच्या बोर्डावर नोटीस लागली की नाव लगेच द्यावं लागतं. वही आणि पेन आपलं आपण न्या, आणि वाड्यावरचं एक काम ठरवून जा, पहिल्याच दिवशी तेच विचारतात आणि विकास म्हटलेलं चालत नाही.